व्हिडिओ टाकला, सल्ले आले, बॉल मात्र उजवीकडेच

गोल्फ : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा विषय एकच निघाला. मोबाईलवर स्विंग शूट करायचा, सोबत खेळणाऱ्यांना पाठवायचा, आणि मग ते जे काही सांगतील त्याचं करायचं काय. म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकतोय. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलीयत, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा, तुम्हाला एव्हाना सवय झालीच असेल.

प्रश्न : सर नमस्कार. ऑफिसातल्या मित्रांमुळे गोल्फ सुरू केलं, शनिवार-रविवार खारघर व्हॅलीला खेळतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, कायम स्लाइस जातो, बॉल हवेत उजवीकडे वळतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे स्विंगचे व्हिडिओ टाकतात म्हणून मीपण टाकला, तर अर्ध्या तासात सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो डोकं उठतंय, दुसरा म्हणतो ओव्हर द टॉप येतोयस, कुणी म्हणतो ग्रिप वीक आहे, कुणी म्हणतो डावा हात वाकतोय, आणि आमचे एक सिनियर आहेत त्यांनी तर स्टान्सच बदलायला लावला. मी सगळं करून बघितलं. आता स्लाइस तर आहेच, वर सेव्हन आयर्न, जो एकच क्लब बरा लागायचा, तोही शँक व्हायला लागलाय, बॉल दांडीच्या सांध्यावर लागून भलतीकडे उडतो. ऐकायचं तरी कुणाचं?

उत्तर : सगळं करून बघितलंत हीच भानगड आहे. त्यातला एकेक सल्ला सुटा घेतला तर कदाचित चुकीचा नसेलही, पण पाच जणांनी न विचारता आमटीत मीठ टाकलं की ती कुणाच्याच चवीची राहत नाही, तसं झालंय हे.

आधी मला सांगा, व्हिडिओसोबत बॉल कुठे गेला हे तुम्ही लिहिलं होतं का? बहुतेक नसणार, कुणीच लिहीत नाही. नुसता स्विंग टाकतात आणि खाली लिहितात "कसा वाटतोय?" आता बघणाऱ्याला बॉल दिसत नाही, तो जाळीत गेला की दरीत गेला काही माहीत नाही, मग तो बिचारा जे डोळ्याला खटकतं ते सांगतो. आणि डोळ्याला खटकणारं आणि बॉल वाकडा नेणारं एकच असेल असं काही नाही.

स्लाइसचंच घ्या. बॉल सुरुवातीला ज्या दिशेने निघतो ती दिशा मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू, ठरवतो, तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा फेसचा. आणि नंतर हवेत जो वळतो तो फेस आणि स्विंगचा पाथ, म्हणजे क्लब ज्या रस्त्याने येतो तो, यांच्यातल्या फरकामुळे. जुन्या लोकांना बरोबर उलटं शिकवलेलं असायचं, की बॉल पाथवर निघतो आणि मग फेसकडे वळतो. ट्रॅकमॅनसारखी रडार मशिन्स आल्यावर हा समज मोडला, पण क्लबाक्लबांतून अजून तेच सांगणारे आहेत आणि फार ठामपणे सांगतात. तर तुमचा बॉल डावीकडे निघून मग उजवीकडे वळत असेल तर पाथ बाहेरून आत येतोय, म्हणजे ओव्हर द टॉप म्हणणारा मित्र बरोबर. पण बॉल निघतानाच उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे जातो असं असेल तर फेस उघडा आहे, आधी ग्रिप बघा. ॲड्रेसला, म्हणजे मारायच्या तयारीत, उभं राहून खाली बघितल्यावर डाव्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं दिसायला हवीत, एकच दिसत असेल तर ग्रिप वीक म्हणणारा बरोबर. म्हणजे पाचपैकी बरोबर कोण हे तुमच्या बॉलने आधीच सांगून ठेवलंय, तुम्ही फक्त ते ग्रुपला कळवलं नाहीत.

डोकं उठण्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण भारतातल्या झाडून सगळ्या कोर्सवर कॅडीपासून कॅप्टनपर्यंत प्रत्येकजण हेच सांगतो, "सर, हेड अप." बॉल टॉप झाला, म्हणजे क्लब त्याच्या डोक्यावर लागला, हेड अप. फॅट लागला, म्हणजे आधी जमिनीला लागला, हेड अप. डोकं खरंच वर आलेलं असतं, व्हिडिओत दिसतंही, पण बऱ्याचदा ते आपणहून आलेलं नसतं. डाउनस्विंगमध्ये कंबर बॉलच्या दिशेने पुढे सरकते, मग छाती उभी होते, आणि छातीवर बसवलेलं डोकं जाणार कुठे, तेही वर येतं. याला अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात. आता तुम्ही डोकं जबरदस्तीने खाली दाबून धरलंत तर शरीर फिरायचं थांबतं, हातच फक्त पुढे फेकले जातात आणि पाठ दुखते ती वेगळी. आणि बॉल लागायच्या आधीच मान टार्गेटकडे वळवणारे दोन खेळाडू म्हणजे आनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हाल. डुव्हालने १९९९ मध्ये आणि आनिकाने २००१ मध्ये एका राउंडला, म्हणजे अठरा होलला, फक्त ५९ फटके मारलेत. त्यांना आमच्याकडचा कॅडी मिळाला असता तर काय झालं असतं देव जाणे.

हे तपासायचं तर मागून काढलेल्या व्हिडिओत, ॲड्रेसला असताना तुमच्या बसायच्या जागेला टेकेल अशी एक उभी रेघ स्क्रीनवर मारा. डाउनस्विंगमध्ये त्या रेघेपासून सुटलात तर ते अर्ली एक्स्टेन्शन. शँकचंही ते एक नेहमीचं कारण आहे, कारण शरीर बॉलजवळ आलं की क्लबची हील, म्हणजे होझलची बाजू, पुढे येते. त्यात तुमचा स्टान्सही बदललाय, बॉलच्या जास्त जवळ उभे राहत असाल तर तेही आहेच. म्हणून आधी जुन्या स्टान्सवर परत जा.

आता ऐकायचं कुणाचं. माझा हिशोब असा आहे की जो तुम्हाला सल्ला द्यायच्या आधी "बॉल कुठे निघाला, कुठे वळला, डिव्हट (क्लबने उखडलेलं गवत) कुठे पडला" असं विचारतो त्याचं ऐका. त्याचा हँडिकॅप २० असला, म्हणजे खेळ बेताचाच असला, तरी चालेल. सिंगल हँडिकॅपवाला, म्हणजे दहाच्या आतला चांगला खेळाडू, न विचारता सांगत असेल तर तो बहुतेक स्वतःचा स्विंग तुम्हाला सांगतोय. असा एक माणूस निवडा, एकच गोष्ट घ्या आणि निदान दोन-तीन आठवडे दुसरं काही बदलू नका. ग्रुपला सांगून टाका की सध्या फक्त ग्रिपबद्दल बोला, बाकी सगळं नंतर. कुणी रागवत नाही, उलट लोक नीट बघायला लागतात.

आणि मध्ये खेळ बिघडला तर घाबरू नका. २००२ साली जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेसमध्ये एक प्रयोग छापून आला होता. तीस गोल्फरचे तीन गट केले, एकाला व्हिडिओ दाखवून शिकवलं, एकाला नुसतं तोंडी शिकवलं, आणि एकाला तुमचं तुम्ही मारा म्हणून सोडून दिलं. दीड-दीड तासाची चार सेशन. लगेच सेव्हन आयर्नने परीक्षा घेतली तर शिकवलेले दोन्ही गट आपलेआपण मारणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले. दोन आठवड्यांनी परत घेतली तेव्हा चित्र उलटं, शिकवलेले पुढे आणि त्यातही व्हिडिओवाले सगळ्यात पुढे. पण तिथे शिकवायला एक प्रोफेशनल कोच होता, पाच मित्र नव्हते, हे विसरू नका. तुम्ही त्या पहिल्या परीक्षेच्या टप्प्यावरच दर वेळी नवा सल्ला उचलताय, मग दोन आठवड्यांनंतरचा तो दिवस तुमच्या वाट्याला येणारच कसा.

प्रश्न : स्लो मोशन बघितलं तर डाउनस्विंगमध्ये माझ्या ड्रायव्हरचा शाफ्ट, म्हणजे दांडी, चक्क केळ्यासारखा वाकलेला दिसतो. मित्र म्हणतो शाफ्ट फार सॉफ्ट आहे, स्टिफ घे. बराच खर्च आहे म्हणून विचारतोय. (पुणे)

उत्तर : पैसे खिशात ठेवा. शाफ्ट थोडा वाकतो हे खरं, पण तुम्हाला दिसतंय ते मोबाईलच्या कॅमेऱ्याचं काम आहे. फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ करत टिपतो, तेवढ्या वेळात क्लब पुढे सरकलेला असतो, म्हणून सरळ काठी वाकडी दिसते. रोलिंग शटर म्हणतात त्याला. भरपूर उन्हात शूट करा आणि फोनमध्ये मॅन्युअल सेटिंग असेल तर शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा, क्लब पुसट दिसायचा तरी थांबेल. वाकणं मात्र शटरने पूर्ण जात नाही, त्याकडे दुर्लक्षच करा. शाफ्ट बदलायचा की नाही ते फिटिंगला जाऊन, मशीनवर बॉल मारून ठरवा.

याच मित्राने "इम्पॅक्टला फेस उघडा आहे बघ" असंही सांगितलं असेल तर तेही सोडून द्या. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात साधारण अर्धा मिलिसेकंद. तुमचा फोन सेकंदाला २४० फ्रेमवर चालत असला तरी दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद जातात, आणि ताशी नव्वद मैलाने येणारा ड्रायव्हर तेवढ्यात सोळा-सतरा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तर सव्वा मीटरच्या वर. म्हणजे ज्या फ्रेमला आपण इम्पॅक्ट म्हणून झूम करून भांडत असतो ती बहुतेक वेळा इम्पॅक्टची नसतेच. फोनवर ॲड्रेस, टॉप (क्लब सगळ्यात मागे-वर गेलेला असतो ती जागा), अर्ध्या रस्त्यावर खाली येताना क्लब कुठे आहे, फिनिशला तोल कसा आहे, एवढं छान दिसतं. फेस दोन अंश उघडा होता का हे दिसत नाही, ते बॉलला विचारावं.

आणि हो, सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका. काही फोन चित्र उलटं सेव्ह करतात आणि मग ग्रुपवर पहिला प्रश्न येतो की तू लेफ्टी कधीपासून झालास.

प्रश्न : कॅमेरा नेमका कुठे ठेवायचा? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

उत्तर : दोनच जागा. एक समोरून, छातीच्या अगदी समोर, बॉल आणि दोन्ही पाय पूर्ण दिसतील असा. दुसरी मागून, टार्गेट लाइनला समांतर, कॅमेऱ्याची रेघ तुमच्या हातांमधून जाईल अशी. दोन्हीकडे उंची हातांएवढी आणि अंतर तीन-चार मीटर. रुंद दिसतं म्हणून ०.५ची लेन्स वापरू नका, कडेला सगळं ताणलं जातं. जमिनीवर टार्गेटकडे तोंड करून एक काठी किंवा क्लब ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला तुम्ही कुठे मारताय हेच कळत नाही.

ही मागची जागा फार नखरेल आहे. कॅमेरा फूटभर इकडेतिकडे सरकला की तोच स्विंग एकदा आतून येताना दिसतो आणि एकदा बाहेरून. मागच्या रविवारी बॅगला टेकवून काढलेला आणि या रविवारी मित्राने हातात धरून काढलेला, हे दोन व्हिडिओ शेजारी लावून "सुधारणा झाली" म्हणणारे मी फार बघितलेत, सुधारणा कॅमेरामनची झालेली असते. आणखी एक, मॅटवरून मारलेल्या शॉटवर फार विश्वास नको, कारण क्लब आधी मॅटला लागला तरी घसरून बॉलवर जातो आणि फॅट शॉटही गोड लागल्यासारखा वाटतो. गवतावर गेलात की खरं काय ते कळतं.

प्रश्न : आम्ही नागपूरला चार-पाच मैत्रिणी मिळून खेळतो आणि एकमेकींचे व्हिडिओ काढतो. एका मैत्रिणीला मी सांगितलं की तुझं मनगट टॉपला वाकतं, तर तिचा त्या दिवशीचा सगळा खेळ बिघडला आणि आता ती माझ्याशी जरा तुटकच वागते. शिवाय रेंजवर अनोळखी पुरुष न विचारता शिकवायला येतात ते वेगळंच. काय करावं?

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. "माझा कोच आहे, त्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकायला मनाई केलीय" हे वाक्य पाठ करून ठेवा, कोच नसला तरी. गोल्फमध्ये यापेक्षा प्रभावी वाक्य मला माहीत नाही.

आता मैत्रीण. तुमचं निरीक्षण बरोबर असेलही, पण खेळत असताना माणसाला स्वतःच्या शरीराच्या तुकड्याबद्दल काही सांगितलं की तो तिथेच अडकतो. गॅब्रिएल वुल्फ म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांकडून पिच शॉट, म्हणजे जवळच्या अंतराचे उंच फटके, मारून घेतले होते. काहींना सांगितलं की आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या, काहींना सांगितलं क्लबच्या हालचालीकडे द्या. क्लबकडे बघणारे जास्त अचूक निघाले. म्हणून मनगटाऐवजी क्लबबद्दल बोला. "टॉपला तुझा क्लब टार्गेटच्या उजवीकडे रोखलेला दिसतोय, तो सरळ टार्गेटकडे रोखून बघ", हे ऐकून माणूस काहीतरी करू शकतो. बॉलच्या पुढे नाणंभर अंतरावर गवत कापायचं, त्या झाडाच्या डावीकडून बॉल सुरू करायचा, असल्या भाषेत बोललं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं.

आणि मुळात तिने विचारलं होतं का? ठरवूनच टाका की व्हिडिओ जी काढून घेईल तिने आधी सांगायचं, आज काय बघायचं ते. बाकी दिसलं तरी गप्प. राउंडच्या मध्ये तर काहीच नको, शेवटच्या होलनंतर चहा घेताना दाखवा. तुटकपणा मात्र तुम्ही जाऊन बोलल्याशिवाय जायचा नाही, त्याला माझ्याकडे ड्रिल नाही.

प्रश्न : काका, मी १७ वर्षांचा आहे, नाशिकला असतो. ॲपवर माझा स्विंग रोरी मॅकलरॉयच्या शेजारी लावून बघतो, मित्रपण तसंच बघून सांगतात की कुठे फरक आहे. पण फरक कमीच होत नाहीये.

उत्तर : होणारही नाही रे. तुझी उंची, तुझ्या हातांची लांबी, खांदे किती फिरतात, सगळं वेगळं आहे, त्यात तो लहानपणापासून हेच करतोय. रोरीचा टेम्पो बघ, बॅकस्विंगला लागणारा वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो, बहुतेक मोठ्या खेळाडूंचा तेवढाच असतो, ते शिकण्यासारखं आहे. पण पोझिशन जुळवत बसू नकोस.

जिम फ्युरिक नावाचा खेळाडू शोध आणि त्याचा स्विंग बघ. क्लब वर जाताना एकीकडून जातो आणि खाली येताना भलताच वळसा घेऊन येतो. तो व्हिडिओ नाव न सांगता तुझ्या मित्रांना पाठव आणि काय काय दुरुस्त्या येतात ते वाच. या माणसाने २००३ची यूएस ओपन जिंकलीय आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर एका राउंडला ५८ मारलेत. तिकडे कशाला जायचं, आपला एस. एस. पी. चौरासिया बघ. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते, तिथेच बघत बघत तो शिकला, आणि २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्याने जिंकली.

रोरीच्या जागी तुझाच एखाद्या चांगल्या दिवसाचा व्हिडिओ लाव, बॉल छान जात होते तेव्हाचा. बिघडलेल्या दिवशीचा त्याच्या शेजारी ठेव. फरक लगेच दिसेल, बहुतेक वेळा तो बॉल पोझिशनचा नाहीतर एमचा, म्हणजे नेम कुठे धरलाय त्याचा, असतो, आणि दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत दुरुस्त होतात. म्हणून चांगल्या दिवशीही शूटिंग कर, आपण सगळे फक्त रडताना कॅमेरा काढतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. थंडीत कोर्स बंद, म्हणून गॅरेजमध्ये जाळी लावून मारते आणि पुण्याच्या मैत्रिणींना व्हिडिओ पाठवते. पण तुम्हीच म्हणता बॉल कुठे गेला ते सांगा. जाळीत काय सांगू?

उत्तर : बॉल फेसवर कुठे लागला ते सांगा. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला एक ठळक ठिपका काढा, मारल्यावर त्याचा छाप क्लबच्या फेसवर उमटतो, त्याचा फोटो व्हिडिओसोबत पाठवा आणि फेस पुसून पुढचा मारा. ड्रायव्हरच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची असते, कारण हीलकडे लागलेला बॉल उजवीकडे वळतो आणि टोच्या बाजूला, म्हणजे क्लबच्या टोकाकडे, लागलेला डावीकडे, स्विंग चांगला असला तरी. कितीतरी जण वर्षानुवर्षं स्लाइससाठी पाथ दुरुस्त करत बसतात आणि प्रत्यक्षात बॉल फेसच्या मध्यावर येतच नसतो. खारघरच्या वाचकांनीही हे करून बघावं.

प्रश्न : क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेत, स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्यात, नवव्या होलच्या सुरुवातीला टीवर मी सोबतच्या खेळाडूला म्हटलं, "काय चुकतंय जरा बघ रे." त्याने मोबाईलवर शूट केलं आणि म्हणाला बॉल थोडा पुढे घे. पुढचे होल मस्त गेले. नंतर कुणीतरी म्हणालं की ही पेनल्टी आहे. खरंय का?

उत्तर : खरंय, आणि दोघांनाही. नियम १०.२ प्रमाणे राउंड चालू असताना स्पर्धेतल्या दुसऱ्या खेळाडूला सल्ला द्यायचा नाही आणि स्वतःच्या कॅडीशिवाय कुणाकडे मागायचाही नाही. स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये, जिथे एकेक होल जिंकायचा असतो, तो होल गेला. तुम्ही विचारलं म्हणून तुम्हाला दोन, त्याने सांगितलं म्हणून त्याला दोन. तुम्ही न विचारता त्याने सांगितलं असतं तर फक्त त्याला बसली असती. दोघादोघांच्या जोड्या खेळतात त्या फोरबॉलमध्ये तो तुमचा पार्टनर असता तर काहीच नाही, पार्टनरला सांगता येतं. स्पर्धा नसेल, आपला रविवारचा गेम असेल, तर कोण विचारतंय.

पेनल्टी आहे हे माहीत नसताना स्कोअर कार्ड दिलं असेल तर त्यासाठी डिसक्वालिफाय करत नाहीत, फक्त ते दोन स्ट्रोक वाढवतात, आणि निकाल जाहीर होऊन स्पर्धा बंद झाली असेल तर तेही राहून जातं. निकाल अजून लागला नसेल तर कमिटीला फोन करून सांगा, आणि त्या मित्रालाही सांगा, त्याचंही कार्ड आहे.